डावा हात वर कर

चूक माझी होती, आणि ती एकदा नाही, तीनदा झाली. एकदा वर्गात, एकदा शाळेच्या ओट्यावर आणि एकदा कागदावर. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवायला बघेन याची मला खात्री आहे. मागे दोनदा लिहायला बसलो तेव्हा तसंच झालं. पहिल्या खेपेला सगळा दोष तपासणीवर गेला, दुसऱ्या खेपेला गाईडवर. दोन्ही वेळा कागद फाडले आणि दौंड स्टेशनच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. हमालांना वाटायचं, सरांचं कोणीतरी गाडीनं यायचंय.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी शिरूर तालुक्यात, केंदूरच्या पलीकडच्या एका वाडीवर शिक्षक होतो. हायस्कूल म्हणायचं, पण पत्र्याच्या चार खोल्या, पुढं ओटा आणि एक नळ. वर्ग आठवी आणि नववी. पुढच्या जूनपासून दहावी सुरू करायची होती आणि त्यासाठी जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार होते. दहावीला परवानगी मिळाली नाही तर आधीच्या मुलांसारखंच याही मुलांना रोज चालत केंदूर गाठावं लागणार होतं. मुलगे गेले असते. मुली घरी बसल्या असत्या. हे वाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या तपासणीची धास्ती शिक्षकांपेक्षा गावाला जास्त होती.

मी इतिहासाचा माणूस. इंग्रजी माझ्याकडे आलं ते दुसरं कोणी घेईना म्हणून. मुख्याध्यापक म्हणाले, "गाईड आहे ना? मग झालं." गाईड होतं. एक दिवस आधी मी वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचो. मुलांच्या एक पान पुढं राहिलं की शिक्षक म्हणून निभावतं, असं मला वाटायचं.

नववीला एक भाग होता. इंग्रजीत 'हू' किंवा 'विच' लावून एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य बसवायचं, आणि त्यात कॅन, मे, मस्ट, शुड यांच्यापैकी काहीतरी आणायचं. शकतो, पाहिजे, करावं, असा अर्थ देणारे शब्द. मी फळ्यावर लिहायचो, 'द बॉय हू कॅन स्विम, ही मे क्रॉस द रिव्हर.' जो मुलगा पोहू शकतो, तो नदी ओलांडू शकतो. आपल्याकडे 'जो' आला की मागोमाग 'तो' येतोच, म्हणून मी इंग्रजीतही 'हू'च्या मागे 'ही' आणून उभा केला. गाईडमध्ये तो 'ही' नव्हता. मला वाटलं, छपाईत राहिला असेल. हे मी तीन वर्षं शिकवलं.

नववीत खिडकीपाशी तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. वडिलांनी वाडीवर जमिनीचा तुकडा धरला, विहीर पाडली, ज्वारी-कांदा करायला लागले, तरी वीस-पंचवीस मेंढरं दारात होतीच. घरात शाळेच्या पुस्तकाला हात लावलेली ती पहिली. बोलायची कमी. वहीत मात्र इतकं बारीक लिहायची की मला डोळ्यांजवळ वही न्यावी लागायची.

एकदा मी फळ्यावर वाक्यं लिहीत होतो आणि मागून तिचा आवाज आला.

"सर, पुस्तकात 'ही' न्हाई."

"कुठल्या पुस्तकात?"

"आपल्याच. मी सगळी वाक्यं बघितली. 'हू'वालं वाक्य संपलं की डायरेक्ट पुढचं येतंय. मधी 'ही' कुठंच न्हाई."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आल्या मॅडम!" वर्ग हसला. मीही हसलो, आणि खडू पुढं करून म्हणालो, "या मॅडम, तुम्हीच शिकवा आता." ती उठली नाही. खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत राहिली. त्या दिवसापासून पोरं तिला मॅडम म्हणू लागली. मी एकदाही कोणाला गप्प केलं नाही.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. वाक्यं बघितली. 'ही' नव्हता. पुस्तक मिटलं. तपासणी दीड महिन्यावर आली होती. एवढ्यात मुलांना सांगायचं की तीन वर्षं मी चुकीचं शिकवतोय? मी स्वतःला समजावलं की दोन्ही चालत असेल.

त्याच सुमाराला तिचे वडील मला रस्त्यात भेटले. त्यांना सगळी वाडी आबा म्हणायची, मीही म्हणायचो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि बोलताना नजर माझ्याकडं नाही, पुढं चाललेल्या मेंढरांवर.

"सर, एक इचारायचं हाय. पोरीला धावीला बसवू का?"

"अजून वर्ग कुठं मिळालाय आबा?"

"मिळंल वो. पर मी म्हणतो, ही धावी म्हंजी बोर्डाची. इंग्रजीत निम्मी पोरं गळत्यात. आन् पोरीचं कसं हाय, नववी पास म्हणलं तर पाव्हणं काय म्हणत न्हाईत. पर धावी नापास म्हणलं की हसत्यात. नापासाचा शिक्का बसला की जल्मभर त्योच. तिचा चुलता तर म्हणतो, आत्ताच काढ."

"तिला काय वाटतं?"

"तिला काय, तिला शिकायचंच हाय." मग ते थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "हे बघा, कळपातलं कुठलं मेंढरू लांबचा पल्ला काढंल आन् कुठलं वाटंत बसंल, हे मला बघितलं की कळतं. हे तुमचं काम हाय. तपासणी होऊ द्या, मग इचारतो तुम्हाला. तुम्ही सांगाल तसं करीन."

मी हो म्हणालो. किती सहज म्हणालो.

तपासणीची आमची एक जुनी रीत होती. माझ्या शिक्षकांनी ती माझ्या वेळी वापरली होती, त्यांच्यावर त्यांच्या शिक्षकांनी वापरली असणार. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाचे हात वर दिसले पाहिजेत. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना नुसते हातच हात दिसतात, आणि शिक्षक बरोबर उजव्या हाताकडं बोट करतो. कोणाचं काही बिघडत नाही, असं आम्ही म्हणायचो.

मी सहा मुलं निवडली, त्यांना सहा वाक्यं दिली आणि आठवडाभर सराव घेतला. बाकी सगळ्यांना डावा. सरावात मजा यायची. "एऽ डाव्या," म्हणून पोरं एकमेकांना चिडवायची. सहाही वाक्यांत माझा 'ही' होता.

आदल्या दिवशी शाळा सुटायच्या आधी ती उभी राहिली.

"सर, मी कुठला हात?"

"तुला वाक्य दिलंय का?"

"माझं मी केलंय." तिनं वही बघितली नाही. "द शीप विच कॅनॉट वॉक मस्ट बी कॅरिड."

जे मेंढरू चालू शकत नाही, ते उचलून न्यावं लागतं. 'मस्ट बी' तिनं पुस्तकातल्या स्वच्छतेच्या धड्यातून उचललं होतं, मला ते वाक्य आठवत होतं. बाकीचं तिच्या घरचं होतं. इतकं नेमकं वाक्य मला रात्रभर बसून जमलं नसतं. आणि मला काय दिसलं? त्यात 'ही'च्या जागी मेंढरासाठी येणारा 'इट' नव्हता एवढंच. सहा मुलं 'ही' घालून सांगणार आणि सातवी त्याशिवाय सांगणार. साहेब विचारणार, यातलं बरोबर कुठलं? मग साहेब माझ्याकडं बघणार.

"त्यात 'इट' घाल," मी म्हणालो.

"तिथं नगं सर ते."

"मग डावा हात वर कर."

"मला येतंय सर."

"सांगतोय ना? डावा."

या वेळी मॅडम म्हणून कोणी हसलं नाही. ती बसली. ही माझी पहिली चूक. पुढच्या दोन्ही हिच्यातूनच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ओटा सारवलेला, नळापाशी रांगोळी, मुख्याध्यापकांच्या अंगात सफारी. तपासणीनंतर पालकांची सभा होती, म्हणून गावातली माणसं सकाळपासून ओट्यावर बसली होती. आबांनी चहासाठी दुधाची किटली आणली होती. ते नववीच्या खिडकीखाली टेकून बसले. माझ्या जागेवरून मला फक्त त्यांचा लाल पटका दिसत होता.

साहेब आले. दमलेले, बुटांवर धूळ. त्यांनी वर्गावर नजर फिरवली, माझं पाठाचं टाचण चाळलं आणि नेमकं विचारलं, "हे झालंय वाटतं तुमचं? सांगा बरं, 'हू' नाहीतर 'विच' घालून, आणि कॅन, मस्ट, काहीतरी वापरून. कोण सांगतं?"

सगळे हात वर गेले. मी दोन उजव्या हातांकडं बोट केलं. दोघांनी घोकलेलं धडाधड म्हणून दाखवलं. साहेबांनी मान हलवली, पण कशाला हलवली ते कळलं नाही. मग ते बाकांमधून चालत निघाले. तेही कधीकाळी शिक्षकच असणार. उजवे हात सोडून ते खिडकीपाशी आले आणि तिसऱ्या बाकाजवळ थांबले.

"बाळ, तू सांग."

ती उभी राहिली. हात तसाच वर.

"हात घे की खाली."

वर्गात खसखस पिकली. तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. माझ्या हातात डस्टर होतं. मी ते टेबलावर ठेवलं, मग उचललं, मग त्याची धूळ झटकली.

"येत न्हाई सर," ती म्हणाली.

खिडकीतला लाल पटका वर आला होता. आपली पोर उभी राहिलेली बघायला आबा उठले होते. मग पटका हळूहळू खाली गेला.

चहाच्या वेळी साहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली होता, रागही नव्हता. "सर, वाक्यं चांगली पाठ केलीत मुलांनी. पण ते 'ही' काढा मधून. एकदा 'हू' आला की परत 'ही' लागत नाही." मी "हो साहेब" म्हणालो. म्हणजे ती मुलगी बरोबर होती, हे मला आता पक्कं कळलं होतं. कोणत्याही शंकेचा आडोसा उरला नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं घडलं ते यानंतर घडलं.

सभेत साहेबांनी दहावीच्या वर्गाची शिफारस करतो म्हणून सांगितलं. टाळ्या झाल्या. गाव खूश. माणसं उठली आणि आबा किटली घेऊन माझ्याकडं आले. पलीकडं नळाखाली चार-पाच मुली चहाचे ग्लास विसळत होत्या, त्यांच्यात ती होती.

"सर, पोरीला काय येत न्हाई का मग?"

मी काय सांगायचं होतं? "आबा, सगळ्यांत जास्त तिलाच येतं, मीच तिला डावा हात वर करायला लावला." एवढंच. पण मुख्याध्यापक चार पावलांवर उभे होते, साहेबांची जीप अजून निघाली नव्हती. मी म्हणालो, "इंग्रजी अवघडच असतं आबा. बोर्डाचा पेपर म्हटल्यावर... तुम्ही घरचं बघून ठरवा."

"म्हंजी न्हाई व्हायची पास."

"मी तसं नाही म्हणत."

"व्हय व्हय. कळलं मला." त्यांनी मान डोलावली. उलट मीच काहीतरी चांगलं सांगितल्यासारखं म्हणाले, "तुम्ही खोटं न्हाई बोलला ते बरं झालं."

ते गेले. मी ओट्यावर उभाच. ही दुसरी.

जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. आबा तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. वर्गशिक्षक मी, दाखला मीच भरायचा. त्यात एक रकाना असतो, 'अभ्यासातील प्रगती'. नववीत ती दुसरी आली होती. मी पेन टेकवलं आणि थांबलो. 'उत्तम' लिहिलं तर आबा ओट्यावरचं विचारणार. दाखला तोंडी बोलण्याशी जुळायला हवा. मी लिहिलं, 'साधारण'. अक्षर मात्र सुंदर काढलं. ही तिसरी.

दोन वर्षं ती घरी राहिली. कांदे खुरपायला जाताना एकदा रस्त्यात दिसली, डोक्याचा फडका सावरून उभी राहिली, "सर" म्हणाली. मी सायकल थांबवली नाही. मग तिचं लग्न होऊन ती दौंड तालुक्यात भांडगावच्या बाजूला गेली असं कळलं. वर्षभरानं मी बदली मागून घेतली आणि दौंडला आलो. माणसं विचारायची, का सोडलं तिकडचं? मी म्हणायचो, पाणी मानवत नव्हतं.

दौंडला आल्यावर मी वर्गात हात वर करायला बंदी केली. प्रश्न विचारला की हजेरीच्या नंबरानं नाव घ्यायचो. नवीन मुलं सवयीनं हात वर करायची आणि मी ओरडायचो. का ओरडतो ते त्यांना कसं कळणार? दरवर्षी तोच धडा यायचा. 'ही' न घालता मी बरोबर शिकवायचो, पण त्या आठवड्यात जेवण जायचं नाही. उदाहरण म्हणून हटकून तिचंच वाक्य ओठावर यायचं आणि मी ते गिळायचो. दुसऱ्याचं वाक्य चोरल्यासारखं वाटायचं. बायको म्हणायची, "तुमचं लक्ष कुठंय? दोनदा मीठ घेतलंत." तिलाही मी सांगितलं नाही.

दोनदा आबांकडं जायला निघालो होतो. एकदा शिरूरच्या स्टँडवरून परत फिरलो. एकदा शिक्रापूरला उतरून पुढच्या जीपमध्ये बसलो, जीप भरेना म्हणून ड्रायव्हर हाका मारत राहिला, आणि तेवढा वेळ मला पुरला. मी उतरलो. "काय सर, मन बदललं?" ड्रायव्हर म्हणाला. मी पानाच्या टपरीवरून लिमलेटच्या गोळ्या घेतल्या आणि दौंडची गाडी धरली.

त्या तपासणीला अशी अकरा वर्षं झाली.

आमच्या दौंडच्या शाळेत बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचे फॉर्म घ्यायचं काम माझ्याकडं होतं. सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात त्याला. कंपनीत बढती अडलेली माणसं, शिपायाच्या जागेसाठी धडपडणारी पोरं, कोणी कोणी यायचं. एका दुपारी एक बाई आली, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. फॉर्म आणि दाखला टेबलावर ठेवला. मी आधी दाखला उचलला आणि त्यावरचं अक्षर बघितलं. माझंच होतं. 'साधारण'.

वर बघायला मला वेळ लागला.

"सर, वळखलं का?" ती हसली. "मॅडम."

मी उठून उभा राहिलो. का उठलो, ठाऊक नाही. "बस... बसा," असं काहीतरी बोललो. तू म्हणावं की तुम्ही, तेच ठरेना.

तिनं सांगितलं, गावात अंगणवाडीची जागा निघायची आहे, दहावी पास पाहिजे. नवऱ्याची ना नाही. सासूचीही नाही. अडलंय ते माहेरी. परीक्षेच्या आधी महिनाभर दोन्ही लेकरं आबांकडं ठेवायची आहेत, त्याशिवाय अभ्यास होणार नाही. "आन् आबा म्हणत्यात, कशाला हसं करून घेती? तुला इंग्रजी यायचं न्हाई, सरांनीच सांगितलंय. मी किती सांगितलं. पर त्यांना सरांचा शब्द म्हंजी..." ती थांबली. माझ्याकडं न बघता मुलीच्या वेणीची रिबीन नीट करत राहिली.

अकरा वर्षं मी मनात जे घोकलं होतं त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, "चूक माझी होती. तू बरोबर होतीस. साहेबांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं. आणि तू मला वाचवलंस, साहेबांसमोर गप्प राहून. ते मी कधी विसरलो नाही."

रिबीन सोडून तिनं माझ्याकडं बघितलं. "मी कुठं तुम्हाला वाचवलं सर? मला भ्या वाटलं. तुम्ही डावा सांगितला. डावा म्हंजी येत न्हाई. मग एवढ्या माणसांत येतंय कसं म्हणायचं? लई राग आला हुता मला तुमचा. घरी जाऊन वही चुलीत घातली."

म्हणजे तिच्या त्यागाची जी गोष्ट मी इतकी वर्षं जपली होती, तीही माझ्याच सोयीची होती. तिनं मोठ्या मनानं मला सांभाळलं, असं मानलं की माझा अपराध जरा शोभिवंत व्हायचा. ती चौदा वर्षांची, घाबरलेली मुलगी होती. मी पस्तिशीचा माणूस होतो.

"मला माफ कर," मी म्हणालो.

"मला म्हणून काय उपेग सर? आबांना सांगा."

मी म्हणालो, सांगतो. आणि लगेच, काहीतरी भरपाई करावी म्हणून बोललो, "इंग्रजीचं मी शिकवीन तुला. रविवारी ये."

"नगं," ती म्हणाली, आणि या वेळी खरंच हसली. "तुम्ही पुन्हा 'ही' घालाल."

येत्या रविवारी आबांकडं जातो, असं मी तिला कबूल केलं होतं. शनिवारी रात्री झोप लागली नाही ते लिहीत नाही, अशा वेळी ती कोणालाच लागत नसते. सकाळी पहिल्या एसटीनं शिरूर, मग शिक्रापूर, मग जीप. जीप या वेळीही भरेना. मी ड्रायव्हरला म्हणालो, दोन सीटा माझ्याच धर, पण हाल. वाटेत कोरेगाव भीमाच्या कंपन्यांत कामाला जाणारी वाडीची दोन पोरं उलट्या दिशेनं मोटारसायकलवरून गेली. त्यांतल्या एकाला मी ओळखलं. माझ्या सहा उजव्या हातांपैकी एक.

आबा दारातच होते, बाजेवर. पटका तोच लाल, पण आतला माणूस आटलेला. कुडाजवळ चारच मेंढरं. मी वाकलो. त्यांनी डोळे बारीक केले.

"कोण म्हनायचं?"

"सर. हायस्कूलचा. इंग्रजीचा."

"आं?"

त्यांना ऐकायला कमी येत होतं, हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी जवळ बसलो, पुन्हा सांगितलं. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं, चहा सांगितला. "सर आल्यात गं, सर!" मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बरं झालं आला. त्या पोरीला समजवा जरा. लेकरं हितं टाकून धावीला बसती म्हणं. तुम्हीच तवा सांगितलं हुतं ना, न्हाई जमायचं म्हणून?"

"तेच सांगायला आलोय. तिला येत होतं आबा."

"आं? मोठ्यानं बोला."

मी आवाज चढवला. "तिला येत होतं!"

शेजारच्या अंगणात धान्य पाखडणाऱ्या दोन बायका थांबल्या. त्यांनी सुपं खाली ठेवली. मी आजूबाजूला बघितलं. माझ्या पायांना उठून रस्त्याला लागायचं होतं. आबा कानामागं हात धरून बसले होते.

"काय येत हुतं?"

"इंग्रजी! सगळ्या वर्गात तिलाच येत होतं. मीच तिला डावा हात वर करायला लावला. साहेबांपुढं गप्प बसवलं. तिनं तुमच्या मेंढरांवर वाक्य केलं होतं, जे मेंढरू चालू शकत नाही ते उचलून न्यावं लागतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं त्यात. मला येत नव्हतं आबा. माझं चुकत होतं."

आबांनी कानामागचा हात खाली घेतला. ते माझा चेहरा बघत राहिले. मेंढराचे दात बघतात तसं. आतून पाण्याचा तांब्या घेऊन आलेली आबांची म्हातारी दारातच उभी राहिली.

"मग मी इचारलं तवा का न्हाई सांगितलं?" ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. त्यांना स्वतःला तरी ऐकू आला असेल की नाही कोण जाणे.

मी मात्र मोठ्यानंच बोललो, कारण हळू बोलून त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं, आणि त्या दोन बायकांनीही ऐकावं असं मला वाटलं.

"भ्यालो आबा. माझं अज्ञान उघडं पडेल म्हणून भ्यालो. तुम्ही माझ्या शब्दावर पोरीची शाळा सोडवली आणि तो शब्द खोटा होता. दाखल्यावरही खोटंच लिहिलं. तिची काही चूक नव्हती, तुमचीही नव्हती. तिला परीक्षेला बसू द्या, लेकरं ठेवून घ्या. आणि मला माफ करा."